पिल्लाची किंमत पन्नास रुपये? आणि करणारा चौदा वर्षांचा असेल तर?

सांजपाऊस | १ नोव्हेंबर, रात्री १०:१२

लिहू की नको, असं आठ-दहा दिवस चाललं होतं. शेवटी लिहितेय.

पाडव्याच्या रात्री आमच्या कॉलनीमागच्या मोकळ्या प्लॉटवर तीन मुलांनी कुत्रीचं एक पिल्लू तेलाच्या रिकाम्या डब्याखाली कोंडलं आणि आत सुतळी बॉम्ब लावला. पुढचं वर्णन करत नाही. पिल्लू दुसऱ्या दिवशी सकाळी गेलं. मुलं तेरा ते पंधरा वर्षांची. तिघांनाही मी ओळखते, एकाच्या मुंजीत जेवून आलेय. या प्रकाराचा व्हिडिओ निघाला, कॉलनीच्या ग्रुपवर फिरला, खाली हसण्याचे इमोजी आले. मग एक आजोबा ग्रुपवर चिडले तेव्हा तो उडवला गेला.

मी आणि शेजारच्या काकू पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार माणूस वाईट नव्हता, बसायला खुर्ची दिली. पण म्हणाला, "मॅडम, मुलं लहान आहेत, त्यांच्यावर एफआयआर होत नाही. आणि कुत्र्याच्या केसला दंड किती असतो माहितीये का? पन्नास रुपये. तुमच्या रिक्षाचेच जास्त झाले असतील." खरंच जास्त झाले होते, ऐंशी. एनसीचा, म्हणजे अदखलपात्र तक्रारीचा, कागद घेऊन परत आलो.

घरी येऊन प्राण्यांच्या छळाविरुद्धचा १९६० चा कायदा वाचला. कलम ११ : पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. तीन वर्षांच्या आत पुन्हा केलं तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणजे तीन पिल्लं मारायची असतील तर तीन-तीन वर्षांचं अंतर ठेवून मारावीत.

माझं म्हणणं असं : अशा क्रूरतेला पाच-सात वर्षं सक्तमजुरी हवी, आणि चौदाच्या वरच्या मुलांवर मोठ्यांसारखा खटला चालवायला हवा. रागाने लिहितेय, मान्य आहे. पटत नसेल तर खोडून काढा, पण "मुलंच ती" एवढं मात्र म्हणू नका.

---

बोंबलभिके | १ नोव्हेंबर, रात्री १०:३१

झालं, कुत्र्याचा धागा आला. शंभरी पक्की.

ताई, वाईट झालं हे खरंच. पण इथे माणसांचे खटले वीस-वीस वर्षं चालतात. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांवरून सर्वोच्च न्यायालयाने ११ तारखेला एक आदेश दिला आणि २२ तारखेला तो बदलला, तेवढ्यात निम्मा देश कुत्र्यांच्या बाजूने आणि निम्मा विरुद्ध. एवढा उत्साह माणसांच्या केसला दिसला असता तर.

---

खडूफळा | १ नोव्हेंबर, रात्री ११:०५

चोवीस वर्षं आठवी-नववीला शिकवतोय. एक कबुली देतो. आम्ही लहानपणी चतुराच्या शेपटीला दोरा बांधून उडवायचो. सरड्याला दगड मारणं हा तर सुट्टीतला उद्योगच होता. आमच्या गल्लीतला एकही मुलगा यातून सुटलेला नव्हता आणि त्यातला कोणी पुढे खुनी झाला नाही. एक जण तर पशुवैद्य झाला.

पाच-सात वर्षं म्हणजे चौदाव्या वर्षी आत गेलेलं पोर विशीत बाहेर येणार. ते कोण होऊन बाहेर येईल, याचा विचार केलात का?

---

सांजपाऊस | १ नोव्हेंबर, रात्री ११:२०

सर, चतुर ओरडत नाही हो. हे पिल्लू ओरडत होतं, आणि व्हिडिओत त्या ओरडण्यावर डब्याला लाथ मारल्याचा आवाज आहे. सरडा आणि हे एका पंगतीत बसवू नका.

---

माळरान_बीड | २ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

शहरातल्या लोकांनी कायदा कडक करा म्हटलं की आमच्या पोटात गोळा येतो. बैलाला वेसण घालतो, गोऱ्ह्याला चाप लावून खच्ची करतो, औताला नडला तर चाबूक बी बसतो. उद्या कुणीतरी मोबाईलवर शूटिंग करून पाच वर्षांचं कलम लावलं तर जमीन विकून वकील करावा लागंल.

आणि खरी क्रूरता बघायची असंल तर कारखाने चालू झाल्यावर रस्त्यावर या. उसाच्या गाडीला जुंपलेला बैल चढावर गुडघ्यावर बसतो. मालकाला बी तो बसलेला परवडत नाही, कारण उचल घेतलेली असती. तिथं कोण एनसी करायला येतं?

पिल्लाचं ऐकून वाईट वाटलं. आमच्याकडं अशा पोराला बापानंच फोडून काढलं असतं.

---

काळाकोट | २ नोव्हेंबर, दुपारी १:१५

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, त्यामुळे विस्कळीत वाटेल.

सांजपाऊस ताई, हवालदार अर्धं खरं बोलला आणि अर्धं चुकीचं. आधी चुकीचं सांगतो.

तुमच्या प्रकरणाला १९६० चा कायदा एवढा एकच लागत नाही. भारतीय न्याय संहितेत कलम ३२५ आहे : प्राण्याला ठार मारणं, विष देणं, अपंग किंवा निकामी करणं. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करू शकतात. जुन्या दंड संहितेत याची दोन कलमं होती, ४२८ आणि ४२९. एकात दहा रुपये किंवा अधिक किमतीचा प्राणी, दुसऱ्यात गाय-बैल-घोडा-हत्ती वगैरे किंवा पन्नास रुपये किमतीचा इतर कोणताही प्राणी. भाव १८६० चे! १ जुलै २०२४ पासून ती किमतीची भानगड गेली, सगळे प्राणी एका कलमात आले.

यात एक मेख आहे. हे कलम 'आगळीक' या प्रकरणात येतं, म्हणजे मुळात मालमत्तेचं नुकसान. भटक्या पिल्लाचा मालक कोण, नुकसान कुणाचं, हा वाद बचावाचा वकील हमखास घालतो. तरी भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात जुन्या कलमांखाली गुन्हे नोंदले गेलेले आहेत, त्यामुळे नोंदताच येत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

१९६० च्या कायद्यातही सगळं अदखलपात्र नाही. मारहाण, उपाशी ठेवणं, जास्त ओझं लादणं हे अदखलपात्र. पण कलम ११ मधला विनाकारण क्रूर पद्धतीने मारण्याचा किंवा अवयव तोडण्याचा उपखंड दखलपात्र आहे. म्हणजे तुम्हाला एनसी देऊन परत पाठवणं चूकच होतं. दंड मात्र तोच, पन्नास रुपये. गंमत अशी की दूध जास्त यावं म्हणून गाईला 'फुका' करणाऱ्याला, म्हणजे तिच्या योनीत हवा फुंकणाऱ्याला, याच कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

शिक्षा वाढवण्याची मागणी नवी नाही. ७ मे २०१४ च्या जल्लिकट्टूच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने संसदेकडे हीच अपेक्षा व्यक्त केली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीचा मसुदा लोकांसमोर ठेवला. त्यात अतिक्रूर कृत्यांचा वेगळा वर्ग होता : एक ते तीन वर्षं कैद किंवा ५० ते ७५ हजार दंड, आणि प्राणी मेला तर पाच वर्षांपर्यंत. हरकती-सूचना मागवल्या, पण कायदा काही झाला नाही.

पण केंद्राकडेच का बघायचं? प्राण्यांवरील क्रूरतेचा प्रतिबंध हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघंही कायदा करू शकतात. महाराष्ट्राने २०१७ मध्ये बैलगाडा शर्यतींसाठी याच १९६० च्या कायद्यात स्वतःची दुरुस्ती केली. १८ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती मान्य केली. त्या दुरुस्तीत शर्यतीचे नियम मोडून बैलाला इजा केली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आता बघा : शर्यतीच्या घाटात बैलाला टोचलं तर पाच लाख, आणि तोच बैल रविवारी संध्याकाळी गोठ्यात बांधून काठीने झोडला तर पन्नास रुपये. माळरानदादा, वेसण आणि खच्चीकरण ठरवून दिलेल्या पद्धतीने केलं तर कलम ११ मधूनच वगळलेलं आहे, त्याची भीती नको. उसाच्या गाडीचं मात्र तुम्ही बरोबर बोललात.

मुलांबद्दल रात्री लिहितो. कोर्ट सुरू झालं.

---

माळरान_बीड | २ नोव्हेंबर, दुपारी २:०२

घाटात पाच लाख आन् गोठ्यात पन्नास. हे आमच्या पारावर सांगतो आज.

---

डॉ_गोठा | २ नोव्हेंबर, रात्री ८:४४

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आहे. एवढंच विचारतो : पिल्लाचं काय केलंत?

---

सांजपाऊस | २ नोव्हेंबर, रात्री ८:५८

गुलमोहराखाली पुरलं. त्याच दिवशी दुपारी. ऊन वाढत होतं.

---

डॉ_गोठा | २ नोव्हेंबर, रात्री ९:३०

सगळे तेच करतात, आणि तिथेच केस संपते. पीएमशिवाय, म्हणजे शवविच्छेदनाशिवाय, पिल्लू कशाने मेलं हे कोर्टात कोण सांगणार? भाजल्याने, स्फोटाने, का रात्री कुणी गाडी घातली म्हणून? आरोपीचा वकील हे तीन प्रश्न विचारतो आणि आम्ही गप्प बसतो.

वाचणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो. प्राणी मेला तर पुरू नका, जाळू नका. पोलिसांचं पत्र घेऊन जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. पत्राशिवाय आम्ही केलेल्या पीएमला फारशी किंमत नसते. पत्र यायला उशीर होत असेल तर बर्फात ठेवा, मासे विकणाऱ्याकडून आणा, लाजू नका. विषाचा संशय असेल तर उलटी, उरलेलं अन्न, भांडं, सगळं वेगळं ठेवा. माझ्याकडे वर्षाला अशी बरीच जनावरं येतात, पत्र घेऊन येणारे हाताच्या बोटांवर.

तुमच्या बाबतीत आता हाडं आणि व्हिडिओ एवढंच उरलं. पोलिसांनी मागितलं तर उकरून देता येईल. तुम्ही स्वतः उकरू नका.

---

लेस्टरवासी | २ नोव्हेंबर, रात्री ११:५०

इथलं सांगतो. इंग्लंड-वेल्समध्ये क्रूरतेची कमाल शिक्षा बरीच वर्षं फक्त सहा महिने होती. २०२१ च्या कायद्याने ती पाच वर्षं झाली, त्या वर्षी २९ जूनपासून लागू. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच : दोषी ठरलेल्या माणसाला न्यायालय प्राणी पाळायला बंदी घालू शकतं. आणि बहुतेक खटले पोलीस नव्हे, आरएसपीसीए ही १८२४ सालची प्राणीरक्षण संस्था स्वतः भरते. तिचे गणवेशातले निरीक्षक दारावर येतात. म्हणजे "हे आमचं काम नाही" म्हणायला कुणी उरत नाही.

अमेरिकेत २०१९ मध्ये केंद्रीय कायदा झाला, सात वर्षांपर्यंत शिक्षा. पण तिथे रोजची प्रकरणं राज्यांच्या कायद्याखालीच चालतात.

---

काळाकोट | ३ नोव्हेंबर, रात्री १२:२०

लेस्टरवासी, प्राणी काढून घेण्याचा अधिकार आपल्या १९६० च्या कायद्यातही आहे, कलम २९. वापरलेला मी कोर्टात पाहिलेला नाही. आणि आपल्याकडेही प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक संस्था असायला हवी, २००१ च्या नियमांप्रमाणे. आपापल्या जिल्ह्यात तिचं कार्यालय शोधून बघा. शोधताना चांगला व्यायाम होतो.

आता मुलं. ताई, तुमची 'मोठ्यांसारखा खटला' ही मागणी सध्याच्या कायद्यात बसत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात तशी वाट फक्त सोळा ते अठरा वयाला आहे आणि तीही 'निर्घृण' गुन्ह्यांना, म्हणजे ज्यांना किमान सात वर्षं शिक्षा आहे अशा. उद्या संसदेने क्रूरतेला कमाल सात वर्षं केली तरी किमान सात होत नाहीत. खुनाच्या प्रयत्नाला किमान सात नाहीत, आणि तुम्हाला पिल्लासाठी हव्यात?

पण शिक्षेचा आकडा मुलांच्या बाबतीतही कामाचा आहे, वेगळ्या कारणाने. तीन वर्षांपर्यंतची शिक्षा असलेला गुन्हा 'किरकोळ', तीन ते सात 'गंभीर'. किरकोळ गुन्ह्यात बाल न्याय मंडळाची चौकशी चार महिने, अधिक मुदतवाढीचे दोन, यात पुरी झाली नाही तर प्रकरण तिथेच संपतं. गंभीरमध्ये असं आपोआप संपत नाही. म्हणजे पोलिसांनी फक्त १९६० चा कायदा लावला तर किरकोळ. ३२५ लावलं तर गंभीर. त्या हवालदाराच्या पेनात सगळं आहे.

अजून एक : १९६० च्या कायद्याखालचा खटला घटनेपासून तीन महिन्यांच्या आत उभा राहावा लागतो, कलम ३६. तुमचे अकरा दिवस गेले.

---

मधली_सुट्टी | ३ नोव्हेंबर, सकाळी १०:०५

मी एका जिल्ह्यात बाल न्याय मंडळाची सामाजिक कार्यकर्ती सदस्य होते. मंडळ म्हणजे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन आम्ही. तीन वर्षांत आमच्यासमोर मोबाईलचोरी, मारामाऱ्या, पोक्सो, सगळं आलं. प्राण्याचं एकही प्रकरण आलं नाही. जिल्ह्यात होत नव्हतं म्हणून नाही.

हवालदाराचं अर्धं खरं ते हे : निर्घृण गुन्हा नसेल आणि बरोबर प्रौढ नसेल तर मुलावर एफआयआर होत नाही. पण 'एफआयआर नाही' याचा अर्थ 'काहीच नाही' असा नाही! बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याने ठाणे दैनंदिनीत नोंद करायची, सामाजिक पार्श्वभूमी अहवाल बनवायचा आणि मंडळाकडे पाठवायचा. प्रत्येक ठाण्यात हा अधिकारी नेमलेला असतो. बहुतेक ठाण्यांत तो कोण, हे त्यालाही आठवावं लागतं.

मंडळ काय करू शकतं? समज देऊन सोडणं, समुपदेशन, समाजसेवा, पालकांना दंड, परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवणं, आणि शेवटी विशेष गृह, जास्तीत जास्त तीन वर्षं. पालकांना दंड हे ऐकायला साधं वाटतं, पण मंडळाच्या खोलीत बापाला खिशात हात घालायला लावलं की घरी पुष्कळ बोलणं होतं.

खडूफळा सर, चतुर आणि डबा यातला फरक आम्ही एका गोष्टीवर ओळखायचो : मुलाला नंतर वाईट वाटतं का. काहींना रात्रभर झोप नसते. काही जण मात्र तपशील रंगवून सांगतात, आणि बऱ्याच वेळा त्यांच्या स्वतःच्या पाठीवर वळ असतात. दोघांना एकच शिक्षा कशी देणार? माळरानदादा, "बापानं फोडून काढलं असतं" हे वाचून मी जरा थांबले. एवढंच म्हणते.

---

एकदा_चावलेला | ३ नोव्हेंबर, दुपारी ४:१८

माझ्या मुलीला चेहऱ्यावर चावा बसलाय. लस, सिरम, टाके. मला सांगा, उद्या ते कुत्रं परत अंगावर आलं आणि मी काठी घातली तर मलाही पाच वर्षं का?

---

काळाकोट | ३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४०

नाही. अंगावर आलेल्या जनावरापासून पोरीला वाचवणं आणि डब्यात कोंडून बॉम्ब लावणं यात हेतूचा फरक आहे, आणि कायदा हेतूच बघतो. चावणाऱ्या कुत्र्याची तक्रार पालिकेकडे लेखी करा, प्राणी जन्मनियंत्रणाच्या २०२३ च्या नियमांत त्याची पद्धत आहे. मुलगी बरी आहे ना आता?

---

एकदा_चावलेला | ३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:५५

बरी आहे. व्रण राहील म्हणतात.

---

बोंबलभिके | ३ नोव्हेंबर, रात्री ९:००

मी चेष्टा करायला आलो होतो, इथे भलताच अभ्यास चाललाय. एक आठवलं. जुलै २०१६ मध्ये चेन्नईत एका वैद्यकीय विद्यार्थ्याने कुत्रीला गच्चीवरून फेकलं आणि दुसऱ्याने शूटिंग केलं. कुत्री वाचली, दोघांना लगेच जामीन झाला. त्याच महिन्यात हैदराबादला मुलांनी पिल्लं जाळली, ती मुलंही अल्पवयीन, तिथेही व्हिडिओ. दोन्ही ठिकाणी पकडले गेले ते व्हिडिओमुळेच. ताई, तुमच्या व्हिडिओत तिन्ही मुलं दिसतात ना? मग मोबाईल कुणाच्या हातात होता?

---

संपादक | ३ नोव्हेंबर, रात्री ९:४०

वरच्या एका प्रतिसादात मुलांच्या शाळेचा उल्लेख होता, तो प्रतिसाद काढला आहे. मुलांची ओळख पटेल असं काहीही लिहू नये. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली तो स्वतंत्र गुन्हा आहे.

---

सांजपाऊस | ९ डिसेंबर, रात्री १०:४७

महिन्याने परत आले. बोंबलभिके, तुमच्या प्रश्नाने सगळं फिरलं.

व्हिडिओ काकूंच्या मोबाईलमध्ये उतरलेला होता. पुन्हा ऐकला. चौथा आवाज आहे. "अजून एक लाव" म्हणणारा. तो त्यांच्यातल्या एकाचा मोठा भाऊ, एकोणीस वर्षांचा. बॉम्बही त्यानेच आणून दिले होते.

काळाकोट यांनी व्यक्तिगत निरोपातून अर्ज कसा लिहायचा ते सांगितलं. ठाण्यात लेखी दिला, पोच घेतली. आठवडाभर काही नाही. मग तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवला, तेव्हा फोन आला. प्रौढ सामील असल्यामुळे एफआयआर झाला, कलम ३२५ आणि १९६० चा कायदा दोन्ही. पिल्लू उकरलं, पंचनामा झाला. सही करताना तोच हवालदार होता. म्हणाला, "मॅडम, नोकरीत पहिल्यांदाच लिहितोय हे कलम."

तीन मुलांचे कागद मंडळाकडे गेले. परिविक्षा अधिकारी घरी येऊन गेल्या. त्यातला सर्वांत लहान ढसाढसा रडला म्हणे. मधला काहीच बोलला नाही. मोठा मुलगा, एकोणीसचा, जामिनावर आहे.

आणि काल त्याची आई आली होती. तो पोलीस भरतीची तयारी करतोय, पहाटे पाचला ग्राउंडला जातो, मीच कित्येकदा पाहिलाय. ही केस राहिली तर चारित्र्य पडताळणीत अडकेल. पायाच पडायला लागल्या. "एका कुत्र्यासाठी?" असं त्या म्हणाल्या नाहीत. "त्याने चूक केली, पण एवढी?" असं म्हणाल्या. मी चहा केला. दोघींनीही घेतला नाही.

धागा काढताना मला सात वर्षं हवी होती. आता ती आई गेल्यापासून मी पन्नास रुपये आणि सात वर्षं यांच्या मधला आकडा शोधतेय.

काळाकोट, तक्रार मागे घेता येते का?

---

काळाकोट | ९ डिसेंबर, रात्री ११:३०

एफआयआर झाला की ती फिर्याद सरकारची होते. तुम्ही साक्षीदार. कोर्टात काय सांगायचं ते तुमच्या हातात आहे, पण खोटं सांगायला मी सुचवणार नाही.

---

खडूफळा | १० डिसेंबर, सकाळी ७:१०

मधला काहीच बोलला नाही म्हणता, त्याच्याकडे कुणीतरी लक्ष द्या. रडणारा सुटेल.

---

मधली_सुट्टी | १० डिसेंबर, सकाळी ९:२५

मंडळाची तारीख कधी आहे? मी येऊ शकते, बाहेर बसेन. आत तुम्हाला बोलावलं तर मुलांकडे बघून बोला, दंडाधिकाऱ्यांकडे नको.

---

सांजपाऊस | १० डिसेंबर, सकाळी ९:४१

१८ तारीख, सकाळी अकरा. या नक्की. पत्ता निरोपात पाठवते.